पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

बायकोने लावलेलं बरणीचं झाकण फिटर सर पुन्हा एकदा लावत. ते आधीच घट्ट असायचं आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं, पण स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलेला हा माणूस येता येता झाकणाला एक अर्धा पीळ देऊनच बाहेर यायचा. मग साखर काढायची वेळ आली की ती बाई बरणी मांडीत धरून, वर फडकं गुंडाळून, दातओठ खात झाकणाशी झुंजत बसायची. "एकतीस वर्षं झाली," ती शेजारणीला सांगायची, "माझ्या हाताने या घरात एक झाकण लागलेलं नाही आणि एक उघडलेलं नाही."

शेजारीण हसायची, बायकोही हसायची. मुलगा मात्र हसायचा नाही. तो आता दुसऱ्या शहरात खुर्चीत बसून करायचं काम करतो आणि भिंतीवर घड्याळ टांगायचं असलं तरी माणूस बोलावतो. सरांनी एकदा फोनवर त्याला त्यावरून चिडवलं. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, मी आयुष्यात पहिला खिळा ठोकला, तो तुम्ही उपटून परत ठोकला होता. आठवतं?" सरांना आठवत नव्हतं. वाकडा गेला असेल, एवढंच ते म्हणाले.

त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बावीस वर्षं एका कारखान्यात फिटर म्हणून काढल्यावर, कारखान्याला टाळं लागल्यावर, ते या शाळेत वर्कशॉप शिकवायला आले आणि पहिल्याच आठवड्यात पोरांनी त्यांचं बारसं केलं. हात मात्र कारखान्यातलेच राहिले. बोटं जाड, नखांच्या कडांना न जाणारा काळा रंग, आणि स्पर्श असा की पत्र्यावरून अंगठा फिरवून कुठे अर्ध्या केसाचा उंचवटा आहे ते सांगत. हातात कानस घेतली की हा एरवी चारचौघांत बुजणारा माणूस राजासारखा दिसायचा. शिकवायला उभे राहिले की मात्र पाच वाक्यांत घाम फुटायचा. मग "बघ, असं" म्हणून ते स्वतःच करून दाखवत, आणि दाखवता दाखवता ते काम पुरंच करून टाकत. पोरं खूश. बसल्या जागी वस्तू तयार, वर मार्कही.

वर्कशॉप शाळेच्या मागच्या बाजूला होतं, सायकलींच्या स्टँडच्या पलीकडे. लांबट खोली, वर पत्रा, चार लाकडी बाक, वस्तू घट्ट धरून ठेवणारे सहा व्हाइस, एक ड्रिलमशीन आणि भिंतीवर हत्यारांचा फळा. फळ्यावर सरांनी प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढून ठेवली होती, म्हणजे पक्कड जागेवर नसली की तिची सावली ओरडून सांगायची. या खोलीत येणाऱ्या मुलांची संख्या मात्र दर वर्षी घटत होती. यंदा अकरा होती.

मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं. बाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांना खोल्या कमी पडत होत्या, आणि जिला खोल्या कमी पडतात तिला अकरा मुलं आणि सहा व्हाइस दिसत नाहीत, नुसती लांबी-रुंदी दिसते.

"सर, मला तिथे वाचनकक्ष करायचाय," बाई म्हणाल्या. "सुट्टी लागली की बाक बाहेर काढायचे."

सर टेबलाच्या सैल झालेल्या कडेवर अंगठा फिरवत उभे राहिले. शेवटी बाईंनाच कसंतरी झालं. त्यांनी समोरचा एक कागद त्यांच्याकडे सरकवला. शाळांच्या रोबोट स्पर्धेचं पत्रक होतं. विभागातून पहिले आठ संघ पुढच्या फेरीत जाणार होते.

"यात आपला संघ उतरवा. पहिल्या आठांत आलात तर वर्कशॉपला मी हात लावणार नाही, हा माझा शब्द. नाही आलात तर मला अडवू नका."

"येऊ की," सर म्हणाले. रोबोट त्यांनी तोवर फक्त मुलाच्या खेळण्यात पाहिला होता.

संघ तिघांचा झाला. एक चालक, ज्याचे अंगठे जिभेइतकेच जलद चालायचे. यंत्र हातातल्या रिमोटवर तोच चालवणार होता. दुसरी वहीवाली. स्पर्धेच्या नियमांत रोज काय केलं ते लिहून ठेवायची अट होती, आणि ही पोर सर शिंकले तरी लिहायची. तिसरी कप्तान, नववीतली. बोलणं मोजकं, प्रश्न मात्र अवघड. "हे असंच का?" हा तिचा पेटंट प्रश्न. सर त्यावर "बघ, असं" म्हणायचे आणि ती बघत राहायची, पण तिचं समाधान झालेलं नसायचं.

तिघांनी मिळून चार महिन्यांत जे यंत्र उभं केलं त्याला सगळे बगळा म्हणत. चार चाकांचा ठेंगणा देह, त्यातून पुढे झेपावणारा एक लांब हात, हाताच्या टोकाला चोच. मैदानात पडलेल्या रबरी कड्या उचलायच्या आणि उंच खुंट्यांवर घालायच्या, दोन मिनिटांत जितक्या जमतील तितक्या, असा खेळ होता. बगळा वाकायचा, टिपायचा, मान वर करायचा. पहिल्यांदा त्याने कडी उचलली तेव्हा चालक बाकावर चढून नाचला, आणि सरांनी, बाकाचे पाय डुगडुगतात की काय, ते वाकून पाहिलं.

आता जे सांगायचं ते सांगताना मला सरांची कीव येते आणि रागही येतो.

पाच वाजता मुलं घरी जायची. सर दार आतून लावून घ्यायचे आणि बगळा बाकावर घ्यायचे. मग मुलांनी दिवसभरात केलेलं सगळं काम ते पुन्हा करायचे. सैल नट आवळायचे, तिरके स्क्रू काढून सरळ घालायचे, ओबडधोबड कडा कानशीने गुळगुळीत करायचे. तासाभरात बगळा पुन्हा होता तसा दिसायचा, फक्त आतून दुसराच झालेला असायचा. यात स्वतःची टिमकी वाजवायचा हेतू नव्हता, उलट कुणाला कळू नये याचीच ते काळजी घ्यायचे. त्यांना सैल काम बघवत नव्हतं, एवढंच.

सकाळी मुलं यायची आणि बटण दाबायची. काल लटपटणारा सांधा आज ठणठणीत. "काल हलत होतं ना हे?" कप्तान विचारायची. सर हत्यारांचा फळा पुसायला वळायचे. वहीवालीने एकदा वहीत गंभीरपणे नोंद केली : यंत्राला रात्रभर विश्रांती दिल्यास सांधे आपोआप घट्ट होतात, कारण शोधणे. ते वाचून सरांना हसू आवरेना. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

बगळ्याचा हात एका पोलादी दांडीवर फिरायचा. करंगळीहून बारीक, गोल दांडी, तिच्यावर दातेरी चाक, आणि चाक दांडीला धरून ठेवायला एक छोटा बिनडोक्याचा स्क्रू. कप्तानने हे सगळं स्वतः बसवलं, सगळा जोर लावून स्क्रू आवळला, तरी हात वर गेला की चाक दांडीवर घसरायचं आणि हात धपकन खाली यायचा. दोन दिवस ती त्याच्याशी झगडत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी दांडी काढून व्हाइसमध्ये धरली आणि कानशीने एका जागी घासून तिला नखाएवढी चपटी जागा केली. गोल दांडीवर स्क्रू टेकायला जागा नसते, चपट्या जागेवर तो बसतो. कुठल्याही फिटरला हे पहिल्या महिन्यात कळतं. सकाळी हात वर गेला आणि वरच राहिला.

"मी काल शेवटी खूप जोर लावला होता," कप्तान म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता.

इथेच सांगायचं होतं. सर सांगणारही होते. पण स्पर्धा नऊ दिवसांवर आली होती, शिकवायला वेळ लागतो आणि करायला लागत नाही. शिवाय तिचा तो आनंद काढून घ्यायचा जीव झाला नाही. स्पर्धा झाली की नीट बसवून शिकवू, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. कप्तानने नियमाप्रमाणे दोन जादा दांड्या कापून सुट्या भागांच्या डब्यात ठेवल्या. दोन्ही अगदी गोल, सुरेख गोल. डबा तिनेच भरला, तिनेच बंद केला. सरांना तो उघडून बघायचं सुचलं नाही.

स्पर्धेचा हॉल आवाजाने नुसता भरून गेला होता. सव्वीस संघ, सव्वीस टेबलं, मोटारींची घरघर, भोंगे, टाळ्या. टेबलांच्या भागाभोवती जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती. पट्टीच्या आत फक्त विद्यार्थी. मोठ्या माणसांनी बाहेर उभं राहून बोलावं, सुचवावं, हवं तर ओरडावं, पण यंत्राला हात विद्यार्थ्यांचेच लागतील. सरांनी हा नियम पत्रकात वाचला होता. माणूस वाचतो पुष्कळ.

सकाळी मापाची तपासणी होती. ठरावीक मापाच्या खोक्यात यंत्र मावलं पाहिजे. चालक आणि कप्तान बगळा उचलत होते, तो एका बाजूला कलला, आणि सर पट्टी ओलांडून कधी आत गेले ते त्यांनाही कळलं नाही. बगळा त्यांच्या हातात होता, खोक्यात बरोबर मधोमध बसलेला.

नारिंगी जाकीट घातलेल्या पंचबाई जवळ आल्या. वयाने लहान, बोलायला मऊ. "सर, ही पहिली ताकीद. दुसऱ्यांदा झालं तर संघ बाद होतो. नियम मी केलेला नाही, पण लिहावं मलाच लागतं."

"चुकलो," सर म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. खिशात ते राहिनात म्हणून काखेत दाबले.

"सर, थंडी वाजतेय का?" चालकाने विचारलं.

"तू तुझं बघ."

आणि बगळा खेळला हो! पहिला सामना जिंकला, दुसरा जिंकला. तिसरा एका कडीने हरला, पण तेवढं चालायचंच. सर पट्टीला बुटांची टोकं टेकवून उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी बनवलेल्या वस्तू लोकांनी वापरल्या होत्या, पण त्यांच्या वस्तूसाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या त्यांनी ऐकल्या नव्हत्या. एकदा तर शेजारच्या संघाच्या मास्तरांनी विचारलं, "मुलांनी केलंय हे सगळं? फिनिशिंग काय सुंदर आहे!" सर म्हणाले, "मुलांनीच." हे सांगताना त्यांना थोडं सुख झालं आणि थोडी लाज वाटली, पण लाजेकडे लक्ष द्यायला तेव्हा फुरसत नव्हती.

चौथ्या सामन्यात समोरून एक रणगाड्यासारखं यंत्र येऊन बगळ्याच्या हातावर आदळलं. मोडेन पण वाकणार नाही वगैरे बाणा माणसांचा, पोलादी दांडी मुकाट वाकली. बगळ्याची मान खाली गेली ती गेलीच. सामना हरला.

वहीवालीने फळ्यावरचे गुण उतरवून तीनदा हिशेब मांडला. "आपण नववे. शेवटचा जिंकला तर सातवे. हरलो तर काही नाही."

शेवटच्या सामन्याला अठरा मिनिटं होती. टेबलांच्या वर एक मोठं घड्याळ उलटं मोजत होतं. कप्तानने वाकडी दांडी काढली, डब्यातली नवी घातली, चाक चढवलं, स्क्रू आवळला. चालकाने हात वर नेला. हात धपकन खाली आला. तिने पुन्हा आवळला, ओठ चावत, सगळा जोर लावून. पुन्हा खाली.

"जुनीला तर धरायचा," ती म्हणाली. "स्क्रू तोच. चाक तेच."

पट्टीच्या बाहेर सरांना त्या संध्याकाळची आपली कानस आठवली.

कप्तानने वाकलेली दांडी हातात घेतली आणि फिरवून पाहिली. मग नवीन घेतली. मग पुन्हा जुनी. तिचं नख त्या चपट्या जागेवर अडलं.

"हिला इथे कुणीतरी घासलंय," ती म्हणाली आणि तिने मान वर केली.

"मी," सर म्हणाले.

"कधी?"

"तू घरी गेल्यावर."

वहीवालीचं पेन थांबलं. विश्रांतीने घट्ट होणाऱ्या सांध्यांचं कारण तिला त्या क्षणी सापडलं असणार, पण तिने ते लिहिलं नाही. कप्तान सरांकडे पाहत राहिली. त्या पाहण्यात काय होतं हे सरांनी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. ती चार महिने मागे जाऊन आपलं एकेक काम तपासत होती, हे काय आपलं आणि ते काय आपलं नाही.

घड्याळात अकरा मिनिटं होती. "कसं घासायचं?" तिने विचारलं.

टेबलांच्या टोकाला सगळ्यांसाठी मिळून एक व्हाइस होता. ती आतून चालत गेली, सर पट्टीच्या बाहेरून तिच्याबरोबर चालत गेले. आणि आयुष्यात पहिल्यांदा फिटर सर नुसत्या तोंडाने कानस शिकवू लागले. "आडवी धर. दोन्ही हातांनी. पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचल. नाही नाही, उचल! रेटू नकोस. कोपरातून येऊ दे." शब्द एकमेकांवर आदळत होते. हात आपोआप हवेत चालत होते, काहीच नसलेली कानस ढकलत होते. शेजारच्या टेबलावरची दोन मुलं त्यांच्याकडे बघून हसली.

कानस आधी दांडीवरून घसरली. मग किंचाळली. तिच्या बोटाचं साल निघालं. तिने बोट तोंडात घातलं, काढलं आणि पुन्हा लावलं. घसरली, लागली, घसरली, लागली. किंचाळणं हळूहळू कमी होत गेलं. तिचे खांदे खाली आले आणि कानशीतून तो एक खरखर सूर निघू लागला जो कान असलेल्या फिटरला दुसऱ्या खोलीतूनही ओळखू येतो.

सरांना कान होते. पण ते त्या वेळी डोळ्यांनी घड्याळाकडे बघत होते. सहा मिनिटं.

याचं समर्थन मी करणार नाही. सरांनीही कधी केलं नाही. इतकं खरं की त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे वर्कशॉप होतं. बाक बाहेर काढलेले, व्हाइस उपटलेले, फळ्यावर नुसत्या सावल्या. समोर एक पोर नवशिक्या हाताने घासत होती आणि घड्याळ थांबत नव्हतं. हात शिवशिवले. विचार करायला माणूस डोकं वापरतो, यांचा विचार हातात असायचा, आणि हात निघून गेला.

"दे इकडे," ते म्हणाले. ते पट्टीच्या आत होते.

कप्तानने कानस सोडली नाही, त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. एक, दोन, तीन, चार, पाच. चपटी झाली. स्वच्छ, सरळ, आरशासारखी. बावीस वर्षांच्या नोकरीत याहून नेटकं काम त्यांनी केलं नसेल. त्यांनी समाधानाने अंगठा फिरवला आणि मान वर केली, तेव्हा समोर नारिंगी जाकीट होतं.

"सर," पंचबाई म्हणाल्या. त्यांनाच रडू येईल असं वाटत होतं. "संघ बाद."

"अहो, मुलांचं काय चुकलं? मला काढा बाहेर. माझं नाव लिहा तिथे, माझं."

"तुमचं नाव कसं लिहू? तुम्ही संघात नाहीच आहात, सर."

हॉलच्या मागच्या दाराला पाच पायऱ्या होत्या. गाडी यायला दीड तास होता, म्हणून ते चौघं तिथे येऊन बसले. आतून शेवटच्या सामन्याचा भोंगा ऐकू आला, जो त्यांच्याशिवाय सुरू झाला आणि त्यांच्याशिवाय संपला. चालक भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते आणि तो रडत नसल्याचं सगळ्यांना सांगत होता.

सरांनी मोठ्या बाईंना फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पहिल्या वाक्यातच सांगितलं की संघ बाद झाला आणि आपल्यामुळे झाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "मुलांना काही खायला घाला. दमली असतील." मग, अगदी जपून : "आणि सर, सोमवारी आलात की बाकांची मापं तेवढी काढून द्याल का? दारातून निघतात की सुटे करावे लागतील, ते बघायला."

"देतो," सर म्हणाले. बाक दारातून निघत नव्हते. ते सुटे करावे लागणार होते, हे त्यांना मोजायची गरज नव्हती.

त्यांनी फोन ठेवला तेव्हा कप्तानने सुट्या भागांचा डबा उघडला होता. मघाची दांडी, सरांनी घासलेली, तिने उचलून बाजूला ठेवली.

"ती घे की," सर म्हणाले. "तयार आहे ती."

"ती तुमची आहे."

तिने दुसरी दांडी घेतली, शेवटची, गोल. दाबून धरणारी पक्कड होती, तिच्यात दांडी आवळली आणि पक्कड पायरीच्या कडेवर बुटाखाली धरली. मग वहीवालीला म्हणाली, "सहा मिनिटं लाव."

"कशाला आता?" चालक भिंतीकडूनच म्हणाला.

"लाव."

वहीवालीने घड्याळ काढलं. कप्तानने कानस टेकवली. सर दोन पायऱ्या खाली बसले होते. पहिल्याच घासण्याला त्यांचं तोंड उघडलं.

"बोलू नका," ती न बघता म्हणाली.

त्यांनी तोंड मिटलं. दांडी धरायची ती रीत चुकीची होती, व्हाइसशिवाय हे काम कुणी करत नाही. कानस थोडी तिरकी जात होती. दोन वेळा दांडी बुटाखालून निसटली आणि पुन्हा धरावी लागली. सालपट निघालेल्या बोटातून रक्त येत होतं ते तिने फ्रॉकला पुसलं. सरांनी हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांच्यावर बसले. इथे पट्टी नव्हती, पंच नव्हते, कुणी लिहून घेणार नव्हतं. तरी ते उठले नाहीत. उठायला फार उशीर झाला होता आणि न उठायलाही.

चपटी झाली. आरशासारखी नाही. तिच्यावर कानशीचे आडवेतिडवे ओरखडे होते आणि एक कड दुसरीपेक्षा खोल होती. तिने दांडी बगळ्यात सरकवली, चाक चढवलं, बिनडोक्याचा स्क्रू आवळला. चालक नकळत जवळ आला होता. त्याने रिमोट घेऊन हात वर नेला. हात वर गेला.

"किती?" कप्तानने विचारलं.

"पाच मिनिटं दहा सेकंद," वहीवाली म्हणाली. आणि मग, तिला नेमकेपणाची सवय असल्यामुळे : "पन्नास सेकंद उरले."

कप्तानने बगळा उचलून सरांच्या समोरच्या पायरीवर ठेवला. मान वर केलेला, चोच उघडी.

"दाबून बघा," ती म्हणाली. "आता तुम्ही हात लावू शकता."

सरांनी उजवा हात मांडीखालून काढला आणि बगळ्याच्या मानेवर ठेवला. त्यांना काय वाटत होतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. ते चाक घसरावं, असं त्यांना वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. ते घसरलं असतं, हात धपकन खाली आला असता, तर मग पट्टी ओलांडली ती ठीकच केली, नाहीतर पोरं हरलीच असती, असं त्यांना उरलेलं आयुष्यभर म्हणता आलं असतं. त्यांनी दाबलं. मग दुसरा हात लावला आणि बावीस वर्षांचा सगळा जोर एकवटून दाबलं.

मान हलली नाही. उलट बगळ्याची मागची चाकं पायरीवरून वर उचलली गेली आणि तशीच हवेत राहिली.